कृत्तिकांकडे तोंड करून

2015 च्या मे महिन्यात ‘एलिट डेंजरस’ या खेळातल्या एका यानाच्या मालकप्प्यात अशी वस्तू आली, जिच्या नावाच्या जागी ‘अननोन आर्टिफॅक्ट’ एवढेच दोन शब्द होते. अज्ञात वस्तू. ती कोणी घडवली, कशासाठी घडवली, तिचं काय करायचं, याबद्दल खेळात कुठेही माहिती नव्हती. यानाबाहेर मोकळ्या अवकाशात सोडली की ती संथपणे फिरायची आणि आवाज काढायची. आधी खोल, लांबलेला हुंकार. मग बारीक चिरचिर. पुन्हा हुंकार, पुन्हा चिरचिर.

जगभरातल्या खेळाडूंनी पुढची काही वर्षं या एका वस्तूचा पाठलाग केला. तिच्यावर प्रयोग केले, तिच्यापायी यानं गमावली, अंतराळस्थानकं आजारी पाडली आणि अखेर ती काय आहे ते शोधून काढलं. त्या पाठलागाची ही गोष्ट. तिच्यातले परग्रहवासी काल्पनिक आहेत. शोध घेणारी माणसं मात्र खरी होती, आणि त्यांची पद्धतही. म्हणूनच या शोधाची जागा मला विज्ञानाच्या गोष्टींमध्ये दिसते.

जुनी भीती

वस्तू हाती लागली तेव्हा जुन्या खेळाडूंच्या मनात एक नाव लगेच उमटलं होतं: थारगॉइड. त्यासाठी 1984 सालात जावं लागतं. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल हे केंब्रिजमधले दोन विद्यार्थी. त्यांनी ‘बीबीसी मायक्रो’ या छोट्या घरगुती संगणकासाठी ‘एलिट’ नावाचा खेळ लिहिला. त्या संगणकाची स्मृती 32 किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोलाही ती पुरणार नाही. तेवढ्या जागेत या दोघांनी आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत 256 ग्रह बसवले. ग्रहांची नावं, हवापाणी, बाजारभाव असं काहीच साठवून ठेवलेलं नव्हतं. एका लहानशा गणिती सूत्रातून ते सगळं गरजेच्या क्षणी तयार होत असे.

त्या खेळात एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे झेप घेताना क्वचित झेप मधेच तुटायची. यान धड इथे ना धड तिथे, अशा काळोखात येऊन पडायचं. तिथे अष्टकोनी यानं घेऊन थारगॉइड टपलेले असायचे. कीटकांसारखे, माणसाशी वैर धरलेले परग्रहवासी. 1984 मध्ये हा खेळ खेळलेली मुलं ती भीती विसरली नव्हती.

‘एलिट डेंजरस’ हा त्याच मालिकेतला नवा खेळ. ब्रेबेन यांच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या केंब्रिजमधल्या कंपनीने तो 16 डिसेंबर 2014 रोजी आणला. या वेळी आकाशगंगा अख्खी होती, तीही खऱ्या मापाची: सुमारे 400 अब्ज तारकासंस्था. आपल्याला ठाऊक असलेले तारे खगोलशास्त्राच्या याद्यांमधून उचलून त्यांच्या खऱ्या जागी बसवले होते. बाकीचे तारे कसे जन्मतात याच्या नियमांवरून संगणकाने रचले. तेव्हा सगळे खेळाडू या एकाच आकाशगंगेत वावरत. तिथलं वर्ष आपल्यापेक्षा 1286 ने पुढे चालतं. आपलं 2015 म्हणजे तिथलं 3301. खेळाडूला तिथे ‘कमांडर’ म्हणतात. त्याला एक लहान यान मिळतं, थोडे पैसे मिळतात आणि पुढचं आयुष्य त्याच्या हाती सोपवलं जातं.

एवढ्या अफाट पसाऱ्यात थारगॉइड कुठेही नव्हते. खेळ सुरू होऊन महिने लोटले, तरी त्यांचा मागमूस नव्हता. आणि मग ती वस्तू आली.

हुंकार आणि चिरचिर

सुरुवातीच्या वस्तू हाती लागल्या त्या मालवाहू यानांच्या ताफ्यांमध्ये. कोणीतरी त्या कुठूनतरी कुठेतरी नेत होतं. त्या मिळवायच्या तर ताफ्यावर हल्ला करून माल पळवावा लागे. म्हणजे संशोधनाची पहिली पायरी होती चाचेगिरी. खेळाडू ती चढले, कारण नमुना हातात असल्याशिवाय प्रयोग होत नाही.

प्रयोगाची पहिली रीत साधी होती: वस्तू बाहेर सोडायची, यानाची इंजिनं शांत करायची आणि ऐकायचं. तासन् तास ऐकून लोकांनी आवाज मुद्रित केले. हुंकार व्हेल माशाच्या गाण्यासारखा होता, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष आधी तिकडेच गेलं. कोणी तो उलटा वाजवून पाहिला, कोणी संथ करून, कोणी वेग वाढवून. कोणाला त्यात शब्द ऐकू आले, कोणाला संगीताचे स्वर. कान माणसाचा असला की नाद ऐकताना तो अर्थ शोधतोच आणि नसेल तिथेही लावतो.

वाट सापडली ती कान बाजूला ठेवून डोळ्यांनी ऐकल्यावर. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचं चित्र. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, खालून वर स्वर चढतो, आणि आवाज जितका मोठा तितका ठिपका उजळ. पक्ष्यांचा अभ्यास करणारे शीळ ओळखायला हेच चित्र वापरतात. वस्तूच्या मुद्रणाचं चित्र काढलं तेव्हा कानाला नुसती कुरकुर वाटणाऱ्या चिरचिरीत शिस्त दिसली. काही खुणा आखूड, काही लांब. त्यांच्या मधली अंतरंही ठरावीक.

आखूड आणि लांब. ही जोडी पाहिली की जुन्या पिढीच्या माणसाला तारेची कडकट्ट आठवेल. भारतातली तारसेवा 2013 च्या जुलैमध्ये बंद झाली. पण ज्या घरांत कधीकाळी ‘तार आली’ हे शब्द ऐकून माणसं जागच्या जागी थिजायची, तिथे ही लिपी नव्याने समजावून सांगायला नको. वस्तूची चिरचिर मोर्सच्या लिपीत होती. अक्षरं मांडली आणि शब्द तयार झाला: वस्तू जिथे तरंगत होती, तिथून सर्वांत जवळच्या ग्रहाचं नाव.

एका ठिकाणी जुळलं म्हणजे खरं ठरलं, असं कोणी मानलं नाही. अंदाज बरोबर असेल तर त्यातून पुढचं भाकीत करता यायला हवं: दुसऱ्या ग्रहाजवळ नेली की वस्तूने त्या ग्रहाचं नाव घेतलं पाहिजे. नेली. तिने घेतलं. पुन्हा वेगळ्या ताऱ्यापाशी नेली, तिथलं नाव आलं. हुंकारात कविता ऐकणाऱ्यांच्या कल्पना हळूहळू मागे पडल्या, कारण त्यातून कोणतंच भाकीत निघत नव्हतं.

यातून उभा राहिलेला प्रश्न मात्र अंगावर काटा आणणारा होता. परग्रहावरून आलेली वस्तू माणसाच्या लिपीत, माणसाने ठेवलेली नावं उच्चारत होती. ती कुठे आहे हे तिला कळत होतं, आणि त्या जागेला आपण काय म्हणतो हेही. जी वस्तू आपल्याला अज्ञात होती, तिला आपण अज्ञात नव्हतो.

एकाच दिशेला

याच काळात खेळाडूंचा एक गट आकाराला आला आणि त्याने स्वतःला कॅनन संशोधन गट म्हणवून घेतलं. जिथे हजार माणसं हजार गोष्टी पाहत असतात, तिथे सर्वांत आधी नोंदवही लागते. वस्तू कुठे मिळाली, केव्हा मिळाली, बाहेर सोडल्यावर काय झालं, मुद्रण आहे का, दुसऱ्या कोणी ते करून पाहिलं का. एकेकट्या कमांडरचा अनुभव ही आठवण असते. तोच सगळ्यांच्या नोंदींशेजारी येऊन बसला की पुरावा होतो. गटातली बहुतेक माणसं एकमेकांना कधी भेटलेली नव्हती, भेटणारही नव्हती. कोणी रात्री नोकरीवरून परतून यान उडवत होतं, कोणी दुसऱ्या खंडात पहाटे उठून. वेळा जुळत नव्हत्या, पण नोंदी जुळत होत्या.

त्या नोंदींतून दुसरा मोठा शोध लागला. मोकळी सोडलेली वस्तू फिरता फिरता आपलं एक टोक ठरावीक दिशेला धरते, असं लक्षात आलं. एका ठिकाणावरून पाहिलं तर त्याला फारसा अर्थ नाही. आकाशात कुठलीही दिशा धरली तरी त्या रेषेवर असंख्य तारे असतात. पण दुसऱ्या, दूरच्या तारकासंस्थेतून हीच दिशा टिपली की दुसरी रेषा मिळते. तिसरीकडून तिसरी. या रेषा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे वस्तू बोट दाखवते आहे. जमीन मोजणारे दूरच्या शिखराचं ठिकाण याच त्रिकोणांच्या गणिताने काढत आले आहेत.

रेषा मिळाल्या त्या मेरोपी नावाच्या ताऱ्यापाशी.

मेरोपी हा खरा तारा आहे. कार्तिकातल्या संध्याकाळी पूर्वेला वर येणारा कृत्तिकांचा पुंजका आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. आपल्या पुराणांत या कृत्तिका कार्तिकेयाच्या सहा माता झाल्या, ग्रीकांकडे त्या सात बहिणी. मेरोपी त्या सातांतली एक. पृथ्वीपासून सुमारे 440 प्रकाशवर्षांवर असलेले हे तारे तरुण, उष्ण आणि निळसर आहेत. मेरोपीभोवती धुळीचा ढग आहे आणि ताऱ्याच्याच उजेडाने तो चमकतो. मोठ्या दुर्बिणीतून काढलेल्या छायाचित्रात तिच्याभोवती निळं धुकं पसरल्यासारखं दिसतं. खेळातल्या आकाशगंगेत मेरोपी तिच्या या जागेवरच होती. वस्तू कुठे कुठे सापडतात त्याच्या नोंदी नकाशावर मांडल्यावर त्याही तिच्याच आसपासच्या दीडशे प्रकाशवर्षांत दाटलेल्या दिसल्या.

नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या, आपल्या पंचांगातल्या त्या तारकांकडे तोंड करून परग्रहावरच्या वस्तू फिरत होत्या. खेळाडूंच्या झुंडी तिकडे निघाल्या. तिथे पोचल्यावर काहीच दिसलं नाही. तारा होता, त्याचे ग्रह होते, निळसर धुकं होतं. ग्रहांवर उतरायची सोय मात्र खेळात अजून आलेली नव्हती.

आजारी स्थानकं

मधल्या काळात वस्तूची दुसरी बाजू उघडी पडत होती. मालकप्प्यात ठेवली की ती यानाला आतून खात असे. गंजासारखी हळूहळू, पण न थांबता. लांबचा पल्ला गाठायला निघालेले कमांडर वाटेत यान दुरुस्त करत जात, आणि तरीही काहींच्या यानांच्या ठिकऱ्या उडाल्या. पुढे गंजरोधक मालकप्पे आले. सुरुवातीच्या संशोधकांकडे ते नव्हते. नमुना सांभाळायचा म्हणजे स्वतःचं यान पणाला लावायचं, हा त्यांचा रोजचा हिशेब होता.

मग अंतराळस्थानकांवरून बातम्या येऊ लागल्या. स्थानक म्हणजे या खेळातलं गाव. तिथे माल विकायचा, यान दुरुस्त करायचं, इंधन भरायचं, नवीन काम घ्यायचं. काही स्थानकांवर या सेवा एकामागून एक बंद पडू लागल्या. कारण कोणाला कळेना. खेळातल्या ‘गॅलनेट’ या वृत्तसेवेने बिघाडाच्या बातम्या दिल्या, पण निदान दिलं नाही.

निदान खेळाडूंनी केलं. बिघडलेल्या स्थानकांमध्ये समान काय आहे ते त्यांनी शोधलं. तिथल्या काळ्या बाजारात अज्ञात वस्तू विकल्या गेल्या होत्या. एका वस्तूने स्थानक कोसळत नव्हतं. पुरेशा वस्तू साचल्या की आजार सुरू होत होता. यानाच्या कप्प्यात जे लहान प्रमाणावर घडत होतं, तेच इथे अवाढव्य प्रमाणावर घडत होतं. ज्यांनी वस्तू विकल्या त्यांतल्या बहुतेकांना केवळ पैसे हवे होते, किंवा विकून काय होतं ते पाहायचं होतं.

याच ठिकाणी शोधाला वेगळं वळण लागलं. कारण कळलं की काहींना त्यात औषधाची वाट दिसते, काहींना शस्त्राची. शत्रूगटाचं स्थानक पाडायचं असेल तर आता तोफा नकोत. अज्ञात वस्तू गोळा करा आणि गुपचूप त्याच्या बाजारात विका. खेळाडू याला बॉम्बहल्लाच म्हणू लागले. ज्या नोंदवहीने निदान दिलं, तिनेच हल्ल्याची कृतीही सांगितली होती. नोंदी दडवून ठेवायला हव्या होत्या, असं मी म्हणणार नाही. दडवल्या असत्या तर इलाजही सापडला नसता. पण प्रयोगाचं फळ प्रयोगशाळेत थांबत नाही, ही गोष्ट या खेळाने मला फार ठसठशीतपणे दाखवली.

इलाज आला तो मेरोपीकडूनच. 2015 च्या डिसेंबरमध्ये ‘होरायझन्स’ हा विस्तार आला आणि वातावरण नसलेल्या ग्रहांवर उतरता येऊ लागलं. महिनाभरात, 2016 च्या जानेवारीत, मेरोपीच्या पाचव्या ग्रहाच्या एका चंद्रावर खेळाडूंना जमिनीतून उगवलेलं काहीतरी दिसलं. मोठं, काटेरी, अर्धवट वनस्पतीसारखं आणि अर्धवट यंत्रासारखं. त्याला नाव पडलं ‘बार्नेकल’, म्हणजे जहाजांच्या बुडाला चिकटून बसणारा कवचधारी जीव. चाकांच्या छोट्या गाडीतून त्याच्यापाशी जाऊन त्याचे भाग फोडले की आतून एक विलक्षण मिश्रधातू मिळायचा, ‘मेटा-अलॉय’. तो आजारी स्थानकांवर पोचवला की स्थानकं बरी होऊ लागली.

विष आणि उतारा एकाच घरचे होते. वस्तू जिकडे बोट दाखवत होती, तिथे तिच्या उपद्रवावरचं औषध उगवत होतं. लोकांनी मिश्रधातूच्या खेपा सुरू केल्या. पण हे शेत कोणाचं आहे, कोणी पेरलं आहे आणि कापणीला कोण येणार आहे, हा प्रश्न कोणाच्या मनातून जात नव्हता.

तुटलेली झेप

2016 मध्ये दुसरी वस्तू सापडली: ‘अननोन प्रोब’. पहिलीच्या मानाने ही तापट. ताऱ्याभोवतीचे ग्रह शोधायला यानातून जो शोधसंकेत सोडतात, तो या वस्तूजवळ सोडला की ती विद्युतचुंबकीय झटका द्यायची आणि यान काही क्षण निपचित पडायचं. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर यावं, तसा हा झटका होता.

आणि 5 जानेवारी 2017. एक्सबॉक्सवर खेळणारा एक कमांडर कृत्तिकांच्या प्रदेशात एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे निघाला होता. रोजची झेप होती. ती मधेच तुटली. यान भोवंडत काळोखात येऊन पडलं, दिवे गेले, नियंत्रणं गेली. समोरून पाकळ्या उघडलेल्या फुलाच्या आकाराचं एक प्रचंड यान आलं. त्याला आठ पाकळ्या होत्या. ते जवळ आलं, त्याने निपचित यानावर प्रकाशाचा झोत टाकला, त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि एकही गोळी न झाडता ते निघून गेलं. मग दिवे परत आले. कमांडरने मुद्रित केलेलं हे दृश्य जगभर पाहिलं गेलं.

1984 च्या खेळात झेप अशीच तुटायची आणि काळोखात अष्टकोनी यान भेटायचं. तेहतीस वर्षांनी ती भेट पुन्हा झाली. थारगॉइड परतले होते.

त्याच वर्षी अज्ञात वस्तूला खेळात अधिकृत नाव मिळालं: ‘थारगॉइड सेन्सर’. संवेदक. त्या नावाने दोन वर्षांच्या सगळ्या नोंदी नव्या उजेडात आल्या. ती जवळच्या ग्रहाचं नाव का घेत होती? कारण आपण कुठे आहोत हे सांगणं, हेच तिचं काम होतं. ती मेरोपीकडे तोंड का करत होती? बहुधा बार्नेकलांचं ते शेत तिकडेच होतं म्हणून. आपण तिला उचललं, कप्प्यात ठेवलं, ग्रहाग्रहांवर फिरवलं, स्थानकांच्या बाजारात नेऊन विकलं. प्रयोग आपण करत आहोत असं वाटत होतं. त्या सगळ्या काळात आपण एक संवेदक माणसांच्या घराघरांत पोचवत होतो.

यानंतर शोधाचा रोख माणसांकडे वळला, आणि ते अपरिहार्य होतं. थारगॉइडांशी पूर्वी एक युद्ध झालं होतं, ते एकाएकी संपलं होतं, एवढंच इतिहासात होतं. कसं संपलं? मालिकेतल्या 1995 च्या खेळात त्याचं सूत्र होतं: माणसांच्या एका गुप्त लष्करी संघटनेने थारगॉइडांवर रोगकारक बुरशी सोडली होती. आता खेळाडूंनी ओसाड ग्रहांवर त्या संघटनेचे सोडून दिलेले तळ शोधले आणि तिथे उरलेल्या ध्वनिनोंदी ऐकल्या. नोव्हेंबर 2017 मध्ये त्यांना एका निर्जन जगावर जुन्या यानाचे अवशेष मिळाले. यान होतं कमांडर जेमसनचं.

ज्यांनी 1984 मध्ये ‘एलिट’ खेळला, त्यांना हे नाव सांगायची गरज नव्हती. त्या खेळात खेळाडूला आपोआप मिळणारं नाव ‘जेमसन’च होतं. त्या पिढीतला प्रत्येक मुलगा पहिल्या दिवशी जेमसन होता. आता कळलं की या गोष्टीतल्या जेमसनच्या हातूनच ते जैविक अस्त्र शत्रूपर्यंत पोचवलं गेलं आणि ज्यांनी त्याला पाठवलं त्यांनी त्याला त्यातच मरू दिलं. वस्तूचा माग काढत निघालेले लोक तीन दशकांपूर्वीच्या स्वतःच्या नावापाशी येऊन थांबले.

जागं झालेलं यंत्र

2017 मध्येच ग्रहांवर थारगॉइडांच्या वास्तू सापडल्या. जमिनीवर पसरलेल्या अवाढव्य, पाकळ्यांच्या रचना, आत बोगदे, बोगद्यांच्या पोटात एक दालन आणि दालनाच्या मधोमध एक यंत्र. यंत्र मुकं होतं. त्याच्याभोवती रिकाम्या जागा होत्या, आणि काहीतरी तिथे ठेवायला हवं हे पाहताक्षणी कळत होतं.

काय ठेवायचं, हे ज्यांनी शोधलं त्यांच्याकडे तोवर तीन वस्तू होत्या. पहिला संवेदक, दुसरा प्रोब आणि तिसरी, याच वास्तूंमध्ये मिळणारी ‘थारगॉइड लिंक’. तिन्ही दालनात आणायच्या म्हणजे कप्पा गंजत असताना प्रवास करायचा, आम्लाने भरलेल्या वास्तूत गाडी चालवायची आणि एकाने वाट दाखवायची, दुसऱ्याने वस्तू सांभाळायची. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हतं. तिन्ही वस्तू जागेवर आल्या आणि यंत्र जागं झालं.

मला या सगळ्या कथेतला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी ताफा लुटून आणलेली, नावसुद्धा नसलेली वस्तू तिच्या मूळ जागी बसली होती. ती माल नव्हती, शस्त्र नव्हती, शोभेची तर नव्हतीच. ती एका मोठ्या यंत्रणेचा भाग होती, आणि तिच्याबद्दलचं प्रत्येक सुटं निरीक्षण, मग तो मोर्स असो, मेरोपी असो की गंज, या दालनात एकमेकांना येऊन मिळालं.

पण थारगॉइड नुसते न्याहाळून थांबले नाहीत. डिसेंबर 2017 मध्ये त्यांनी कृत्तिकांमधल्या अंतराळस्थानकांवर हल्ले केले. प्लायोनी ताऱ्याजवळचं ‘द ओरॅकल’, टायगेटा ताऱ्याजवळचं ‘टायटन्स डॉटर’. स्थानकांच्या भिंती फाटल्या, आत आगी लागल्या, माणसं अडकली. आणि खेळाडूंनी मोठमोठी यानं काढली, मालकप्पे उतरवून त्या जागी प्रवाशांसाठी आसनं बसवली आणि जळत्या स्थानकांमध्ये शिरले. आत उष्णता इतकी की यान वितळू लागे, धुरात उतरायची जागा दिसत नसे, तुटलेले भाग तरंगत अंगावर येत. माणसं भरायची, बाहेर पडायचं, सुरक्षित ठिकाणी सोडायचं आणि परत यायचं. कित्येक तास, कित्येक दिवस.

पुढे हे वैर आणखी चिघळलं. 2022 च्या अखेरीस थारगॉइडांची आठ महायानं माणसांच्या प्रदेशात आली. त्यांना जगभरच्या पुराणांतल्या मेघगर्जनेच्या देवतांची नावं मिळाली. त्यांतल्या एकाचं नाव ‘इंद्र’. 2024 च्या मार्चमध्ये पहिलं महायान पडलं. डिसेंबरमध्ये शेवटचं थेट आपल्या सूर्यापर्यंत येऊन ठेपलं आणि तिथेच नष्ट झालं. महायानांचं मर्म उघडं पाडलं ते जुन्याच रीतीने: कोणीतरी जवळ गेलं, पाहिलं, लिहून ठेवलं, दुसऱ्याने तपासलं.

हा खेळ रचणाऱ्यांनी कोडं घातलं होतं हे खरं, आणि उत्तर त्यांना आधीपासून ठाऊक होतं हेही खरं. पण उत्तरापर्यंतची वाट खेळाडूंनी स्वतः पाडली, आणि त्या वाटेवर त्यांना असं काही कळलं जे कोड्याच्या उत्तरात मावत नाही. अनोळखी वस्तूपुढे उभं राहिल्यावर आपण तिला तपासतो, आणि त्याच वेळी आपलीही तपासणी सुरू असते. आपण ती विकतो का, शत्रूवर फेकतो का, की तिचं ऐकून घेतो, हे सगळं नोंदलं जात असतं. कधी तिच्या मालकांच्या वहीत, कधी आपल्याच. या वहीत चाचेगिरी आहे, काळा बाजार आहे, बॉम्बहल्ले आहेत. तिच्यातच भाकीत करून तपासण्याचा धीर आहे, परक्या खंडातल्या न पाहिलेल्या माणसाच्या नोंदीवर ठेवलेला विश्वास आहे आणि जळत्या स्थानकाकडे पुन्हा पुन्हा वळवलेली यानं आहेत. परग्रहवासी खरोखर आपल्याला कधी भेटले, तर आपल्याविषयीचं त्यांचं मत या दोन्ही प्रकारच्या पानांवरून ठरेल. दुसऱ्या प्रकारची पानं वाढवणं आपल्या हाती आहे.